वांग, लेझर आणि बेचाळीस हजार (इंदूर)

जिरावण

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे रोमात (नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. दातवाल्याने भलताच दात उपटला तर आपण गल्लीभर सांगतो. पण "गालावरचा वांग घालवायला गेले आणि फसले" म्हटलं की समोरची आधी निरखून माझे गाल बघते आणि मग म्हणते, "पण तुला या वयात कशाला हवं होतं गं हे?" ही इंदुरातल्या माझ्या सख्ख्या जावेची प्रतिक्रिया. म्हणून इथे.

वय ४३. धाकट्याच्या वेळी दिवस असताना वांग आला. "बाळंतपणानंतर जातो" असं सगळ्यांनी सांगितलं, पण धाकटा आता आठवीत आहे आणि वांग आहे तिथेच आहे. दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर. गालांचं मी मनाला लावून घेत नव्हते, ओठावरचं मात्र लागायचं, कारण लांबून ती सावली मिशीसारखी दिसते. मी शाळेत शिकवते. सहावीतल्या एका कार्ट्याने फळ्याच्या कोपऱ्यात माझं चित्र काढलं होतं, मिशीसकट. चित्र चांगलं होतं, हेही सांगते.

भाचीचं लग्न मेमधलं ठरलं. जानेवारीत विजय नगर भागातल्या एका क्लिनिकची जाहिरात फोनवर आली, ‘फ्री स्किन अ‍ॅनालिसिस’. गेले. काचेचा दरवाजा, पांढरा सोफा, पुदिन्याचं पाणी. एका डब्यात हनुवटी टेकवून फोटो काढला आणि पडद्यावर माझा चेहरा जांभळा-करडा करून दाखवला. तसल्या उजेडात कुणीही दाखवलं तर घाबरेल. मग काउन्सेलर नावाची मुलगी आली. "मॅम, मेल्ज़्मा है, लेझर टोनिंग के छह सेशन, क्लियर हो जाएगा." मी विचारलं, डॉक्टर कधी बघतील? ती म्हणाली, "डॉक्टर मॅम पॅकेज के बाद मिलेंगी."

इथेच उठायला हवं होतं. नाही उठले. बाहेर उन्हात स्कूटर तापत होती, आत एसी होता, आणि ती मुलगी फार गोड बोलत होती. ३६,००० अधिक १८ टक्के जीएसटी ६,४८०, एकूण ४२,४८०. सहा हप्ते, ७,०८० चा एक. घरी सांगितलं २०,०००. (हे आमच्याकडे कुणी वाचत नाही अशी आशा आहे.)

डॉक्टर मॅम भेटल्या, चार मिनिटं. गोळ्या चालू आहेत का, थायरॉइड आहे का, आधी काही मलमं लावलीत का, यातलं एकही विचारलं नाही. मला थायरॉइड आहे. आणि दोन वर्षं मी केमिस्टकडून एक ‘गोरेपणाची ट्यूब’ आणून लावत होते, ती स्टेरॉइडवाली होती हे मला नंतर कळलं.

लेझर जिने केलं ती बाविशीची असेल. डोळ्यांवर गॉगल, आणि मग गालावर टक् टक् टक् टक्. रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं. ओठावर आली की जळक्या केसांचा वास येतो, लव जळते म्हणून. दहा मिनिटांत काम खलास. दोन बैठका झाल्या आणि खरंच उजळलं हो. स्टाफरूममध्ये दोघींनी विचारलं, मी म्हटलं झोप पूर्ण होतेय. तिसऱ्यानंतर तेवढंच राहिलं. चौथी झाली आणि आठव्या दिवशी रंगपंचमी आली.

आता माझी चूक. गेर बघायला गेले. इंदूरबाहेरच्यांसाठी: रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गेर निघते, टँकरमधून रंगाचे फवारे, गुलाल चार मजले वर उडतो. मामेसासऱ्यांच्या गॅलरीत सकाळी दहापासून दीडपर्यंत उभी होते. सनस्क्रीन लावलं होतं, एकदाच, आठ वाजता. घरी येऊन रंग घासून घासून काढला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वांग परतला. आधी चहासारखा होता तो आता उकळून काढ्यासारखा झाला. आणि त्याच्या मधेमधे पांढरे ठिपके. रांगोळीचा छाप टेकवून उचलावा तसे, बारीक, गोल. उजव्या गालावर मी अकरा मोजले.

क्लिनिकला गेले तर काउन्सेलरचं पहिलं वाक्य, "मॅम, आप गेर में गए थे ना?" मीच तिला कौतुकाने व्हिडिओ पाठवला होता. उपाय काय, तर अजून चार बैठका, ‘स्पेशल रेट’मध्ये.

उरलेल्या दोन बैठका मी केल्या नाहीत. हप्ते चालू आहेत. कुणाला असा अनुभव आहे का? ठिपके जातात का? पैशांचं काही होतं का?

कढीपत्ता

जाहिरातवाल्यांना मराठी आडनाव दिसलं की विजय नगरची गाडी थेट आमच्या मराठी वस्तीच्या राजेंद्रनगरात येते. मला दाढीची ‘लाइन सेट’ करून देणार होते. म्हटलं, वडिलांचा न्हावी ती लाइन चाळीस रुपयांत सेट करतो.

अण्णा_रामबाग

ताई, राग मानू नका. आमच्या आईच्या वेळी वांग आला की जायफळ दुधात उगाळून लावायचे, झालं. देवाने दिलेला चेहरा आहे, त्यावर मशिनी कशाला? आपल्या पिढीने समाधान नावाची गोष्टच सोडून दिली.

जिरावण

अण्णा, रागावले नाही. पण तुमच्या प्रतिसादात जायफळही आहे आणि समाधानही, म्हणजे आईंनाही वांग नकोच होता ना?

डॉ_कोरफड

धागाकर्तीला आधी दंडवत, इतकं नेमकं लिहिलंय की ओपीडीत असा इतिहास मिळाला तर आम्ही चहा पाजू. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इंदूरचा नाही. इथे बसून कुणाच्या गालाचं निदान करणार नाही, पण यंत्र काय करतं ते सांगतो, कारण काउन्सेलर ते सांगत नाहीत.

लेझरचं तत्त्व साधं आहे. ठरावीक रंगाचा प्रकाश ठरावीक वस्तू शोषून घेते, तापते, फुटते, शेजारच्याला फारसं कळत नाही. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये हे नीट मांडलं. गोंदण काढायला हे उत्तम, कारण शाई एकदा फुटली की नवी शाई तयार होत नाही. वांगाचं तसं नाही. वांगात रंग बनवणाऱ्या पेशीच चिडक्या झालेल्या असतात. साठलेला रंग तुम्ही फोडलात, कारखाना चालूच. त्यात लेझरची उष्णता आणि सूज हेच त्या पेशींना निमित्त. म्हणून पहिल्या दोन बैठकांत उजळतं आणि नंतर उलटतं, हे तुमचं वर्णन पुस्तकातलं आहे. गोऱ्या युरोपी कातडीपेक्षा आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हा धोका जास्त. फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर १ ते ६ असे प्रकार असतात, आपल्यातले बहुतेक ३ ते ५ मध्ये बसतात.

पांढरे ठिपके: टोनिंगमध्ये १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचा लेझर कमी ताकदीने पुन्हा पुन्हा मारतात. एकेक बैठक सौम्य, पण बेरीज सौम्य राहत नाही. त्या ठिपक्यांतल्या पेशी थकतात किंवा मरतात. काही ठिपके महिन्यांत भरतात, काही राहतात. ठिपका दिसला की लेझर थांबवायचं. तिथे ‘अजून चार’ सुचवणं... असो, मी सभ्य भाषेत लिहितो.

वांगाला पहिला उपचार लेझर नाही. ऊन-बंदोबस्त, मग लावायची औषधं, मग काहींना पोटात घ्यायची, आणि लेझर शेवटी, निवडक लोकांना. लावायच्या औषधांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये मांडलं, तेच आजही वेगवेगळ्या रूपात वापरतो. पण काही आठवडे आणि देखरेखीखाली. तीच ट्यूब केमिस्टकडून आणून दोन वर्षं लावली की कातडी पातळ होते, लाल होते, लव वाढते आणि थांबवली की भडकते. असली बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्ये झाला. नियम दुकानात किती पाळतात ते तुम्हीच लिहिलंय.

अण्णा, जायफळाबद्दल: उगाळलेलं जायफळ काहींना चांगलंच झोंबतं, आणि आपल्या कातडीला काहीही झोंबलं की ती डाग मागे ठेवते. आजींना चाललं असेल, त्यांची पुण्याई.

बडोदेकर_सून

माझं वांगाचं नाही, हनुवटीच्या केसांचं. पण ‘डॉक्टर नंतर भेटतील’ वाचून इथे बडोद्यात बसल्या बसल्या हसू आलं. मला पीसीओएस (हार्मोनची गडबड) आहे. अलकापुरीजवळ एका ठिकाणी ‘पर्मनंट हेअर रिमूव्हल’चं पॅकेज घेतलं. आठ बैठका. हनुवटीचे केस खरंच कमी झाले, पण जबड्याच्या कडेला आणि मानेवर जिथे नुसती मऊ लव होती तिथे काळे, जाड केस आले. आधी वाटलं मीच पूर्वी नीट बघितलं नसेल. सासूबाईंनीच विचारलं, "अगं, हे मानेवर आधी नव्हतं ना?"

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं. क्वचित होतं, पण चेहरा-मान, सावळी कातडी आणि हार्मोनची गडबड असलेल्या बायकांत जास्त. लेझरची अर्धवट उष्णता झोपलेल्या केसांना मारण्याऐवजी उठवते. हे मला सहीच्या कागदावर कुठेच नव्हतं. आणि ‘पर्मनंट रिमूव्हल’ म्हणायलाच नको होतं. अमेरिकेतली औषध नियामक संस्थासुद्धा या यंत्रांना कायमची ‘घट’ एवढंच म्हणू देते, कायमचं ‘काढणं’ नाही.

शिवाय ते यंत्र लेझर नव्हतंच, आयपीएल होतं. दिवा असतो, गाळणी लावलेला. बिलावर मात्र लेझर.

पोहेवाली_पोर

बाप रे. मी २४, शनिवारी माझी पहिली बैठक आहे. पिंपल्सचे डाग. २,००० अ‍ॅडव्हान्स दिलेत. पिंपल्स अजून येतात अधूनमधून. आता काय करू? @डॉ_कोरफड प्लीज सांगा नाऽऽ

डॉ_कोरफड

पिंपल्स येत असतील तर आधी ते थांबवा, डागांचं नंतर. गळका नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. शनिवारी गेलात तर एवढं विचारा: मला तपासणारा डॉक्टर त्वचारोगातला एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमावाला आहे का, यंत्र कोणतं आणि किती नॅनोमीटरचं, हातात कोण धरणार, आणि कानामागे किंवा जबड्याखाली एक चाचणी ठिपका मारून दोन-चार आठवडे थांबणार का. शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते मला कळवाच. आणि गेल्या काही महिन्यांत पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर ते आपणहून सांगा.

नियमावली

पैशांबद्दल. मी वकील आहे, पण हा सल्ला फुकट असल्यामुळे त्याच्या वजनाचा अंदाज घ्या.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता खटल्यात स्पष्ट केलं. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रार ऑनलाइन टाकता येते, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा तिथूनच क्लिनिकला फोन गेला की सूर बदलतो.

दोन प्रश्न वेगळे ठेवा. न झालेल्या बैठकांचे पैसे परत मागणं सोपं. ‘चुकीच्या उपचाराने इजा झाली’ हे सिद्ध करणं अवघड, त्याला दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागतं, आणि गेरचा व्हिडिओ समोरचा वकील पहिल्याच तारखेला लावेल.

हप्ते थांबवू नका. कर्ज क्लिनिकचं नसतं, फायनान्स कंपनीचं असतं. क्लिनिकवरचा राग तुमच्या सिबिल स्कोअरवर निघेल.

आणि आजच्या आज लेखी अर्ज करून उपचाराच्या नोंदी मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्यायच्या असं आहे.

अवांतर: जीएसटीवरून एक गंमत. आरोग्यसेवेवर जीएसटी माफ आहे, सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराला माफी नाही. म्हणजे बिल करताना तुम्ही नटायला आला होतात, आणि तक्रार केली की तोच वांग ‘मेडिकल कंडिशन’ होतो, "रिझल्ट हर पेशंट में अलग."

अण्णा_रामबाग

पुण्याई आवडली डॉक्टर. जिरावणताई, काल सौ.ला तुमचा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही पंचवीस वर्षं केसांना काळं लावता, त्या बाईला समाधान काय शिकवताय?" प्रतिसाद मागे घेतो.

जिरावण

काकूंना माझा नमस्कार सांगा, अण्णा. :)

बरेच दिवसांनी धागा वर आणतेय. नोंदी मागितल्या. ७२ तास नाही, नऊ दिवस लागले, तेही दोनदा जाऊन. मिळालं काय, तर एक कार्ड. सहा ओळी, चार टिकमार्क. तारीख आहे. ‘फ्लुएन्स’ (लेझरची ताकद) नावाचा रकाना चारही ठिकाणी कोरा. ‘स्पॉट साइज’ कोरा. सही चारही ओळींत एकच, एकाच निळ्या पेनाने, एका दमात केलेली. मी रोज साठ वह्या तपासते हो, एका बैठकीत पूर्ण केलेला गृहपाठ मला ओळखू येतो.

‘बिफोर-आफ्टर’ फोटोही दिले, अभिमानाने. बिफोरमध्ये खिडकीचा उजेड, आफ्टरमध्ये तोंडासमोर गोल दिवा, तोही दुसऱ्या बैठकीनंतरचा. एप्रिलचा फोटो नाही. तो माझ्याकडे आहे.

१९१५ वर नोंदवलं. पाचव्या दिवशी मॅनेजरचा फोन. आधी दोन फेशियल फुकट. मग दोन बैठकांचे १२,०००. मी म्हटलं, जीएसटीही तुम्हीच घेतलात, १४,१६० होतात. कबूल झाले. पण कागद पुढे केला, त्यात वाक्य होतं की झालेल्या उपचाराबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि मी कुठेही काही लिहिणार नाही. यांना (नवऱ्याला, एव्हाना खरा आकडा कळलेला आहे, तो एक वेगळा धागा होईल) वाटत होतं, सही कर आणि सुट. मी ते वाक्य खोडून ‘दोन न झालेल्या बैठकांचे पैसे मिळाले’ एवढंच लिहिलं आणि सही केली. मॅनेजर कागद घेऊन आत गेला. वीस मिनिटं मी त्याच पांढऱ्या सोफ्यावर. पुदिन्याचं पाणी या वेळी कुणी विचारलं नाही. पैसे आले.

बाकीच्या पैशांसाठी आयोगात जाणार का? ठरलेलं नाही. दोन वर्षं आहेत. खरं सांगायचं तर आयोगासमोर उभं राहून गाल दाखवायची कल्पनाच नको वाटते, आणि ते लोक यावरच जगतात हेही कळतं.

आता एका त्वचारोगतज्ज्ञांकडे जाते. पहिल्या भेटीत पंचवीस मिनिटं, त्यातली पंधरा नुसते प्रश्न. अंधारात एक जांभळा दिवा धरून बघितलं, वुड्स लॅम्प म्हणतात. म्हणाल्या, "वांग जाणार नाही, आटोक्यात राहील. जाईल म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका." सहा वर्षांपूर्वी हे वाक्य कुणी ऐकवलं असतं तर मी त्यांच्याकडे परत गेले नसते. या वेळी बरं वाटलं.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या (रक्तस्राव थांबवायच्या, वांगालाही देतात त्या) गोळ्या सुचवल्या होत्या, पण घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे का विचारलं आणि माझ्या आईला पायात झाला होता म्हटल्यावर लगेच खोडल्या. क्लिनिकवालीने विचारलं असतं का? म्हणून तर त्या खोडलेल्या ओळीचेच पैसे दिले असं मी धरते.

लग्न झालं. मेकअपवालीने ठिपके बुजवले, काळं बुजवलं, फोटोत मी मैद्याची दिसतेय. भाची मात्र छान दिसली.

बडोदेकर_सून

खोडून सही! हे मला सुचलंच नाही गं. मी रडून आले होते तिथून.

मी_रोमात

मीपण. वेगळं शहर, तीच ओळ. "डॉक्टर पॅकेज के बाद." एवढंच लिहायला आयडी काढला.

पोहेवाली_पोर

@डॉ_कोरफड शनिवारचा रिपोर्ट द्यायचा राहिला. चाचणी ठिपक्याचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "मॅम वो तो पुराने ज़माने में होता था." उठले. २,००० बुडाले, ‘नॉन-रिफंडेबल’. बाहेर येऊन छप्पनवर (इंदूरची खाऊगल्ली) खोपरा पॅटिस खाल्लं आणि आईला फोन केला. १९१५ वर टाकलंय, बघू.

जिरावणताई, ते टिंटवालं (कातडीचा रंग मिसळलेलं) सनस्क्रीन म्हणतात ते लावता का? कुठली शेड? मला सगळ्या भुतासारख्या दिसतात.

डॉ_कोरफड

पुराना ज़माना, वा. तेवढं फ्रेम करून ओपीडीत लावतो.

टिंटचं कारण सांगून ठेवतो: वांगाला नुसते अतिनील किरण नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही भडकवतो, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. टिंटमधलं आयर्न ऑक्साइड अडवतं. लावताना कंजुषी नको, दोन बोटांवर भरून रेघ, चेहरा आणि मानेला. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

जिरावण

दोन शेड आणून तळहातावर मिसळते, तरी जमत नाही. पिवळीच दिसते. मधल्या सुट्टीत वर्गातच पुन्हा लावते, दुसरा इलाज नाही. परवा तो चित्रकार कार्टा पुढच्या बाकावरून बघत होता. म्हणाला, "मॅम, आपने हल्दी लगाई क्या? शादी है?"

ठिपके काल मोजले. आठ. दोन फिके आहेत, ते धरले तर.